मात्झूआईला चालेल का?

देवीला सिनेमा दाखवायचा म्हणजे पहिली रांग रिकामी सोडायची, हे आमच्या किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही कळतं. पुढच्या लाल खुर्च्या आमच्या समुद्रदेवीच्या, मात्झूआईच्या आणि तिच्यासोबत येणाऱ्या देवांच्या, माणसं मागे. नवस फेडायला कुणी मारामारीचा सिनेमा लावतो, कुणी रडारडीचा. पण कालवांची शेती करणाऱ्या ओंग थियाम-लायनं यंदा जो सिनेमा लावायचं ठरवलं, तो ऐकून देऊळ कमिटीच्या ल्यावदादाला चहाचा ठसकाच लागला.

"थियाम-लाय, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? एक माणूस सकाळी उठून आरशात बघतो, तर आत कालवं विकणारी बाई! वर तीच म्हणते, आधी दात मी घासणार. हा काय सिनेमा झाला?"

"विनोदी आहे," थियाम-लाय पुटपुटला.

"आणि शेवटी त्या माणसाचं ओळखपत्र मिळतं कुणाला? डुकराला! रांगेत उभं राहून सहीसुद्धा करतं मेलं. पोरंबाळं बघणार, म्हाताऱ्या बघणार. अरे, पहिल्या रांगेत आई बसणार! तिला चालेल का हे?"

सिनेमा काढला होता थियाम-लायच्या लेकीनं, वान-छिंगनं. पायाशी बॅग ठेवून ती देवळाच्या खांबाला टेकून सगळं ऐकत होती. गावातून गेली तेव्हा ती त्सुन-ह्योंग होती, ओंगांचा एकुलता एक मुलगा. मुलगी म्हणून जगायचंय म्हणाली, तर बापानं तोंडाला येईल ते बोलून घराबाहेर काढलं, आणि मग वर्षानुवर्षं दाराकडे डोळे लावून बसला. शेवटी न राहवून नवस बोलला, पोर परत येऊ दे, आई, तुला सिनेमा दाखवीन. गेल्या आठवड्यात पोर दारात उभी राहिली.

सकाळीच तिनं बापाला सांगून टाकलं होतं. "बाबा, हा सिनेमा इथे चालणार नसेल तर मी आजच्याच बसनं जाते. रागानं नाही हो. पण सिनेमा लपवायचा म्हटलं की मलाही लपूनच राहावं लागणार ना?" तेव्हापासून म्हाताऱ्याच्या मनात एकच घोळत होतं. एकदा घालवली ती मुश्किलीनं परत मिळाली, आता गेली तर कायमचीच.

"आईलाच विचारू," तो ल्यावदादाला म्हणाला.

कमिटीनं कौल लावायचं ठरवलं. लाकडाच्या दोन चंद्रकोरी आणल्या, एका अंगानं सपाट, दुसऱ्या अंगानं फुगीर. जमिनीवर टाकल्या की एक सपाट, एक फुगीर वर आली तर हो. दोन्ही फुगीर वर, तर नाही. आणि दोन्ही सपाट वर येऊन डुलायला लागल्या, तर आई हसली. म्हणजे प्रश्नच तिला पटला नाही, नीट विचार. एवढ्या मोठ्या गोष्टीला सलग तीनदा हो लागतं.

बघता बघता देऊळ भरलं. थियाम-लाय गुडघ्यांवर बसला.

"आई, मी ओंग थियाम-लाय, बंदरामागच्या गल्लीतला. माझा मुलगा ओंग त्सुन-ह्योंग, त्यानं काढलेला सिनेमा तुला दाखवू का?"

चंद्रकोरी पडल्या, दोन्ही सपाट वर, आणि डुलल्या. आई हसली.

"विनोदी सिनेमा आहे, हसणारच की!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि सगळे खिदळले.

त्यानं पुन्हा विचारलं. हसली. पुन्हा. पुन्हा हसली. हळूहळू खिदळणं थांबलं. कितीही टाका, दोन्ही चंद्रकोरी सपाट वर, आणि त्यांचं ते डुलणं. असं आमच्यापैकी कुणी कधी पाहिलं नव्हतं. अंगावर सर्रकन काटा आला. उदबत्त्यांच्या धुरामागे आईचा काळा चेहरा शांत होता.

ल्यावदादा खाली वाकून म्हणाला, "थियाम-लाय, अरे, नाव-पत्ता नीट सांगतोयस ना? चुकीच्या माणसाबद्दल विचारलं की ती अशी हसते बघ."

थियाम-लायनं मान वळवली. वान-छिंगनं बॅग खांद्याला लावली होती. तिचे डोळे भरले होते, पण ती बापाकडे टक लावून बघत होती.

सगळं गाव ऐकत होतं. त्याला लाज वाटत होती, भीती वाटत होती, आणि या दोन्हींपेक्षा जास्त ती बॅग दिसत होती.

"आई," तो मोठ्यानं म्हणाला, "चुकलो मी. ही ओंग वान-छिंग. माझी मुलगी. हिनं सिनेमा काढलाय. मला त्यातलं ओ की ठो कळलेलं नाही, पण तो हिचा आहे. तुला दाखवू?"

एक सपाट, एक फुगीर.

त्यानं पुन्हा टाकल्या. हो. तिसऱ्यांदा टाकल्या, तर एक कोर घरंगळत थेट आईच्या पायरीशी गेली आणि तिथे थांबली.

हो.

"अगं आई गं," ल्यावदादाच्या तोंडून निघालं, आणि तो मटकन गुडघ्यांवर बसला. त्याच्यामागे सगळं देऊळ बसलं. म्हाताऱ्यांनी हात जोडले, पोरांनीसुद्धा.

वान-छिंग बापाशेजारी येऊन बसली. थियाम-लायनं तिचा हात धरला, आणि मग त्याला रडू आवरेना.

"तिनं तुला केव्हाच ओळखलं होतं गं," तो म्हणाला. "मीच राहिलो होतो."