दाराचं टेबल

ग्लेनिसने वरच्या बिजागरीचा पहिला स्क्रू सोडवला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

बाहेर मुलींच्या क्रीडा क्लबचं श्रमदान चालू होतं. बाप लोक कोर्टावरच्या रेषा रंगवत होते. निदान डबे तरी उघडले होते.

दाराविषयी थोडं.

या खोलीत खेळण्याआधी मुलींच्या घोट्यांना पट्ट्या बांधतात. म्हणजे प्रशिक्षक हॅनफर्ड बांधतो, दार लावून. सामने भरवणाऱ्या लीगने फर्मान काढलं, दाराला काच हवी. क्लबच्या समितीने काच बसवली. मग काच फार उघडी वाटते म्हणून तिच्यावर विजेत्या संघाचा फोटो डकवला. आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नव्हतं. फोटोतला हॅनफर्ड हसताना मात्र दिसत होता.

दुसरा स्क्रू.

ग्लेनिसची नात कीली हल्ली घरीच पट्ट्या बांधून यायची, वाकड्यातिकड्या. का, ते तिने आजीला दोन वाक्यांत सांगितलं आणि वर, मला संघातून काढतील, असंही म्हणाली. ग्लेनिस समितीपुढे गेली. मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी समितीने हॅनफर्डच्या मेहुणीवर सोपवलेली. तिने केक आणला होता. सगळ्यांनी तो खाल्ला. चांगल्या माणसाचं नाव खराब करू नये, असं तोंड पुसत ठरलं. शहरातल्या पोलीस ठाण्यात मात्र लिहून घेतलं, सोमवारी परत बोलावलं. आणखी कुणी मुलगी आहे का, असं विचारलं. ग्लेनिसला रोवेनाची मुलगी आठवली. गेल्या वर्षी ऐन हंगामात तिने खेळ सोडला होता. अभ्यास वाढला, असं रोवेना सांगायची. ग्लेनिस सोमवारचं सांगायला तिच्या दारी गेली, तेव्हा तिने चहासुद्धा विचारला नाही.

शेवटचा स्क्रू. दार अंगावर आलं, तिने ते पेललं.

"ग्लेनिस, हे कुणी सांगितलं तुला?" अध्यक्ष लिंडसे धावत आला.

"टेबल कमी पडतंय."

"सॉसेजला?"

"सॉसेजला, कांद्याला. तुला भाषणाला उभं राहायचं असेल तर त्यालाही."

तिने दार दोन पिंपांवर आडवं टाकलं, फोटो वर करून. पाव मांडले. परतलेल्या कांद्याचा तापलेला ट्रे बरोबर हॅनफर्डच्या चेहऱ्यावर ठेवला.

पावाची रांग लागली. हॅनफर्डही आला, बशी घेऊन.

"बाई, दार परत बसवा हं. मुली लाजतात."

"घोटा दाखवायला?"

रांगेत कुणी हसलं नाही. सगळ्यांना एकदम आपापल्या पावात फार रस वाटू लागला. हॅनफर्ड सॉस न घेताच गेला.

लिंडसे आत जाऊन आला.

"स्क्रू कुठे आहेत? कट्ट्यावर होते."

ग्लेनिसला ठाऊक नव्हतं. तिने खांदे उडवले.

रांगेत आता रोवेना पुढे होती. तिने पाव घेतला नाही. शेगडीखाली चरबी गोळा करायचा डबा होता. त्यावर तिने मूठ उघडली. एकामागून एक स्क्रू चरबीत बुडाले.

"सोमवारी कितीला निघायचं?" तिने विचारलं. "आम्ही दोघी येतोय."