झाकणाला घट्ट सरस

आल्प्सच्या कुशीतल्या आमच्या मिटेनवाल्ड गावात व्हायोलिनं कपड्यांसारखी दोरीवर वाळत घालतात, आणि कुणाच्या दोरीवर काय लटकतंय हे सगळ्या गल्लीला ठाऊक असतं. म्हणून आमच्या दोरीवर बाबांचं पहिलं अख्खं व्हायोलिन लागलं तेव्हा मी दिवसभर कुंपणाशीच रेंगाळत होते. रोगणाचे हात मी दिले होते, मग लोकांनी विचारायला नको?

पहिलं अख्खं, कारण तोवर बाबा नुसती डोकी करायचे. मोठ्या काकांच्या कारखान्यात कुणी पाठी करतं, कुणी बाजूच्या पट्ट्या वाकवतं, आणि बाबा वर्षानुवर्षं मानेवरचं ते गोगलगायीसारखं वळलेलं डोकं कोरत आलेले. काकांनी शब्द दिला होता, की संत पीटर आणि पॉलच्या सणाला हे व्हायोलिन चर्चमध्ये नीट वाजलं तर बाबांनी डोकी सोडायची आणि आपल्या नावाने वाद्यं करायची. मी तर वर्गात सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं.

सणाच्या आदल्या दुपारी दक्षिणेचा गरम वारा सुटला. हा वारा आला की बायका डोकं बांधून पडतात, गाई दूध चोरतात आणि लाकूड आखडतं. नेमके तेव्हाच आमचे शाळेचे मास्तर व्हायोलिन आजमावायला आले, कारण चर्चमध्ये तेच वाजवणार होते. काकाही आले. मास्तरांनी गज ओढला आणि माझ्या अंगावर काटा आला, इतका गोड सूर. मग ते जाड तारेवर गेले, आणि पेल्याखाली माशी अडकावी तसं आत काहीतरी फरफरलं.

"आफ्रा, रोगणात माशी मेली का गं?" मास्तर म्हणाले.

"माझ्या रोगणात माशा मरत नाहीत, मास्तर. ते आतलं आहे."

बाबांनी माझ्याकडे डोळे वटारले.

"वाऱ्यामुळे होतंय," ते म्हणाले. "वारा पडला की जाईल."

"आण इकडे," काका म्हणाले. "आत काहीतरी सुटलंय. झाकण काढू, चिकटवू, सकाळपर्यंत वाळेल."

"नको, दादा."

"लाजतोस काय नव्या नवरीसारखा? आण."

काकांनी खिशातली पातळ पात्याची सुरी काढली. व्हायोलिनचं वरचं झाकण नेहमी पातळ सरसाने बसवतात. आज ना उद्या ते उघडावं लागणारच, आणि पातळ सरस सुरी लागताच टक्कन सुटतो, लाकडाला ओरखडासुद्धा जात नाही. बाकी सगळ्याला घट्ट सरस. आमच्याकडे हे रांगत्या पोरांनाही कळतं.

सुरी आत जाईना. काकांनी दुसरीकडून बघितलं, मग खालच्या बाजूने. मग सुरी टेबलावर ठेवून ते बाबांकडे वळले.

"कोर्बिनियान, झाकणाला घट्ट सरस कोण लावतं रे?"

मला एकदम ती संध्याकाळ आठवली. सरस भराभर थिजतो, म्हणून झाकण बसवताना घरातल्या सगळ्यांचे हात लागतात. त्या दिवशी मात्र बाबांनी आईला आणि मला काकूकडे पिटाळलं होतं. मला वाटलं, पहिलंच आहे, एकट्याने करावंसं वाटत असेल.

"बिअर आणू का?" आईने विचारलं. कुणालाच नको होती.

"जाऊ दे," काका हळू आवाजात म्हणाले. "मास्तर उद्या ती तार सांभाळून घेतील. मी कुठे बोलणार नाही."

"मी त्या तारेवर जातच नाही," मास्तर म्हणाले. "कुणाला कळतंय?"

बाबांनी सुरी उचलली, गरम पाण्यात बुडवली आणि फटीत लावून दाबली. सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. झाकण उघडलं, पण उभं चिरत गेलं.

झाकणाच्या आतल्या बाजूला अंगठ्याएवढं लाकडाचं ठिगळ होतं. वाऱ्याने त्याची एक कड उचलली होती.

काकांनी झाकणाचा तो तुकडा खिडकीशी नेला. "लाकूड जास्त खरवडलंस."

"हो."

"मग ठिगळ लावलंस."

"हो."

"आणि चांगलं लावलंस." काकांचा आवाज चढला. "अरे गाढवा, माझ्या पहिल्या सगळ्या व्हायोलिनांना ठिगळं आहेत. कुणी उघडलं असतं तर हसला असता आणि परत बंद केलं असतं."

"हसला असताच ना," बाबा म्हणाले.

सणाला मास्तरांनी आपलं जुनंच व्हायोलिन वाजवलं. बाबा मागे खांबाशी उभे होते. बाहेर मैत्रिणींनी मला घेरलं, आणि एरवी माझ्याकडे दहा उत्तरं असतात, पण मी एवढंच म्हणाले, "फुटलं." सोमवारी बाबा डोकी कोरायला गेले.

आमच्या माळ्यावर झाकणासाठी राखलेल्या स्प्रूस लाकडाच्या दोन जोडीच्या फळ्या उरल्या होत्या. मी त्या रोज बाबांच्या घरच्या कामाच्या बाकावर आणून ठेवते आणि ते रोज भिंतीशी सरकवतात. आई म्हणते, छळू नकोस. आज मी फळ्यांशेजारी सरसाचं भांडंही ठेवलं, भरपूर पाणी घालून.

बाबांनी त्यात बोट बुडवून अंगठ्याशी चोळलं. "हा झाकण बसवायला. आधी दोन फळ्या जोडायच्या असतात, त्याला घट्ट लागतो. एवढंही कळत नाही?"

"मग घट्ट करू?"

ते हातातलं अर्धवट डोकं फिरवत राहिले. मी भांडं चुलीवर ठेवलं आणि ते हलकेच बुडबुडू लागलं.

"पाणी आटू दे," शेवटी म्हणाले.