पाहुण्याने नेलेला ग्रंथ

मित्रांनो, मी एक जुना इतिहासग्रंथ आहे. माझ्या पानांत एकतीस वर्षे एक पत्र पडून होते. त्याला उत्तर गेले नाही. का, ते मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे.

पुण्यातल्या छापखान्यात माझा जन्म झाला. माझ्यात धर्मयुद्धांची हकिकत आहे. पश्चिमेचे योद्धे कॉन्स्टँटिनोपलला आले. तिथल्या बायझंटाइन सम्राटाने त्यांना धान्य दिले, समुद्र ओलांडायला नावा दिल्या. पण परस्परांविषयी विश्वास नव्हता. पुढे बाराशे चार साली तसल्याच पाहुण्यांनी ते शहर तीन दिवस लुटले. चर्चसुद्धा सोडली नाहीत.

प्रमोदरावांनी मला खाकी वेष्टन घातले, आत आपले नाव लिहिले. त्यांचे मित्र जनार्दन महिनाभर त्यांच्याकडे राहिले. विभावरीवहिनी त्यांना रोज गरम पोळी वाढत. मला मागून घ्यायला जनार्दनांना संकोच वाटला, म्हणून त्यांनी न विचारताच मला पिशवीत घातले.

मग प्रमोदरावांचे पत्र आले. ‘पुस्तक चुकून तुझ्याकडे आले का? मी प्रकाशवर, विभावरीच्या भावावर, आळ घेतला. तो घर सोडून गेला. लगेच कळव.’

जनार्दनांनी पत्र माझ्यात ठेवले आणि मला मिटले.

म्हातारपणी ते मुलाकडे परदेशात, जॉन्सनव्हिलला आले, मलाही घेऊन. गेल्या आठवड्यात नात जुईने मला उघडले.

“वेट, जेवू घातलं त्यांनाच लुटलं? दॅट्स सो मीन, आजोबा!”

“हो गं.”

“आणि हे प्रमोद कोण? बुक त्यांचं आहे?”

जनार्दनांनी माझ्या पानांतून पत्र काढले. “मीही पाहुणाच होतो, जुई,” ते म्हणाले आणि ते तिच्यापुढे धरले.

तिने वाचून घेतले. “मग रिप्लाय करा ना!”

“कुणाला? प्रमोद दोन वर्षांपूर्वी गेला. प्रकाश तेव्हाही त्या घरी आला नाही म्हणे.”

“त्या विभावरी आजी आहेत ना? त्यांना अजून वाटत असेल, ब्रदरनेच घेतलं.”

जनार्दनांनी चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिले, ‘वहिनी, ग्रंथ प्रकाशने नेला नव्हता. मी नेला. हे त्यालाही कळवा.’

मित्रांनो, माझी पाने पिवळी पडली त्याचे मला दुःख नाही. माझ्यामुळे एक माणूस बहिणीला पारखा झाला, त्याचे आहे. पुस्तक मागून घ्या, वाचा, परत करा. आणि कुणी विचारले तर उत्तर द्या, वेळेवर.

हे मी वहिनींकडे निघालेल्या पाकिटातल्या अंधारातून सांगतो आहे. पत्र माझ्यावर ठेवले आहे. पोस्टातल्या बाईंनी “किया ओरा” असा तिथला नमस्कार करून आम्हाला तोलले, शिक्का मारला. जनार्दनांचा हात क्षणभर पाकिटावर राहिला. मग त्यांनी तो काढून घेतला.