एकेरी

खुर्चीला सोळा कळा होत्या, आणि त्यांतली कोणती दाबल्याने आपण आडवे झालो हे मुद्रितशोधकांना आठवत नव्हते. चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या वाक्यांतील चुका धरणारा हा गृहस्थ आता विमानाच्या पहिल्या वर्गात, छातीएवढ्या उंच सरकत्या दाराआड, पाठीवर पडून छत न्याहाळत होता. अंगात विमानातच मिळालेला राखाडी पायजमा-सदरा होता. त्यांची स्वतःची विजार, खिशातल्या घरच्या किल्लीसकट, हवाईसुंदरीने अदबीने नेऊन कपाटात टांगली होती. बाहेर लख्ख दुपार असूनही खिडक्या काळ्या केल्या होत्या, कारण प्रवाशांनी आता झोपावे असे परस्पर ठरले होते. अजून नऊ तास. उठून जाणार तरी कुठे? फार तर स्वच्छतागृहापर्यंत, आणि तिथेही कोणीतरी हसतमुखाने दार धरून उभे.

परदेशी राहणाऱ्या मुलीने आपल्याकडे नेण्यासाठी हे तिकीट काढले तेव्हा त्यांनी पुष्कळ हुज्जत घातली होती. मागच्या वर्गातली माणसे काय पोहोचत नाहीत? पण गुडघ्यांचे निमित्त करून तिने त्यांना गप्प केले, आणि त्यांनी एकाच अटीवर माघार घेतली : एकविसाव्या दिवशी आपण परत. शब्दकोशाच्या बाराव्या, अखेरच्या खंडाची मुद्रिते तेव्हा तपासायला येणार होती. अकरा खंड त्यांच्या नजरेखालून गेलेले. बारावा दुसऱ्याच्या हाती जाणे म्हणजे भरल्या ताटावरून उठवले जाणे.

हवाईसुंदरीने त्यांना बसते केले आणि उतरताना द्यायचा एक अर्ज समोर ठेवला. भोजनाच्या यादीत दोन चुका सापडल्यापासून त्यांचे हात शिवशिवत होतेच. नाव, वय, व्यवसाय आणि परतीची तारीख त्यांनी सुवाच्य अक्षरांत भरली. शेजारच्या कप्प्यातून मुलीने वाकून पाहिले, त्यांच्या हातातले पेन घेतले आणि तारखेवर रेघ मारली.

“ते कोरं सोडा, बाबा.”

“कोरी ठेवायची जागा कोणी छापतं का?”

ती पांघरुणाच्या कडेशी चाळा करीत राहिली. त्यांनी तिकीट मागून घेतले, चष्मा पुसला आणि वाचले. जाणे होते, येणे नव्हते. कागद उलटून पाहिला. जाहिरातीतला अनुस्वारही न सोडणाऱ्या माणसाने स्वतःचे तिकीट एकदाही वाचले नव्हते, कारण ते मुलीने काढले होते.

“हे एकेरी आहे,” ते म्हणाले.

मग एकेक गोष्ट बाहेर आली. संपादकांशी ती बोलली होती. ते दुसरा शोधक पाहणार होते. घरमालकाला महिनाअखेर जागा सोडतो म्हणून कळवून झाले होते. त्यांनी मुद्देसूद खंडन आरंभले. संमतीवाचून घेतलेला निर्णय हा निर्णयच नव्हे, हा पहिला मुद्दा. दुसरा त्याहून बिनतोड होता. तिसऱ्याशी तिचा बांध फुटला.

“तू जिन्यात पडलास ते मला पाच दिवसांनी कळलं. तेही दूधवाल्याकडून. पुढच्या वेळी कोण कळवणार? तू?”

वडिलांना अहोजाहो करावे, हा नियम तिच्या सातव्या वर्षी त्यांनीच घालून दिला होता, आणि त्यानंतर तिची जीभ एकदाही घसरली नव्हती. तिच्याही ते ध्यानात आले.

“चुकले,” ती पुटपुटली. “तुम्ही.”

“तसंच ठेव.”

चूक समजून खोडलेला शब्द बरोबर निघाला, की त्याच्याखाली टिंबे देऊन समासात ते हेच दोन शब्द लिहीत आले होते. सवयीने त्यांनी पेन परत घेऊन खोडलेल्या तारखेखालीही टिंबे दिली. लहानपणी त्यांच्या टेबलाखाली खेळत वाढलेल्या मुलीला ती खूण वाचता येत होती.

“‘तू’ आणि तारीख, दोन्ही नाही ठेवता येणार, बाबा.”

हवाईसुंदरी आली, खाडाखोड चालत नाही म्हणाली आणि नवा अर्ज देऊन गेली. विजारीचे विचारले, तर ती उतरण्यापूर्वी आणून देऊ म्हणाली. त्यांनी पुन्हा नाव लिहिले, वय लिहिले, व्यवसायापाशी किंचित थांबून तोही लिहिला. तारखेच्या कोऱ्या जागेवर टेकलेले पेन बराच वेळ तिथेच राहिले. मग त्यांनी त्याला टोपण लावले.

मुलीने हात लांब करून कळ दाबली. खुर्ची निमूटपणे त्यांना घेऊन मागे कलली आणि छत पुन्हा समोर आले.

“झोप जरा, बाबा,” ती म्हणाली, आणि त्यांच्या कप्प्याचे दार सरकवून लावले.