पिवळी कॅसेट आणि फरार चपला

दुपारचे दीड. मे महिना. पूर्णा, रेल्वे स्टेशनच्या मागची गल्ली, महानंदाबाईंच्या घराची रस्त्याकडची खोली. लाईट होती. खोलीत चार पोरं होती, दाराबाहेर वीस-बावीस जोड चपला होत्या, आणि एक जीप येऊन थांबली.

मी त्या खोलीतली व्हिडिओ गेमची पिवळी कॅसेट बोलतेय. घडलं ते माझ्यासमोर घडलं. ज्यांनी ते कागदावर उतरवलं, त्यांनी नीट पाहिलं नाही, म्हणून मला बोलावं लागतंय.

आधी माझ्याबद्दल सांगून टाकते, म्हणजे कोणी नंतर शोध लावल्याचा आव आणायला नको. मी नकली आहे. कुठल्या कारखान्यात जन्मले ते मला माहीत नाही, कारण अंगावर कारखान्याचं नावच नाही. लेबलवर ‘९९९९९९ गेम एकात’ असं छापलंय आणि वर एका लढाऊ विमानाचं चित्र आहे. ते विमान माझ्या पोटात कुठेही नाही. खरे गेम वीसेक असतील. पुढे तेच, नावं बदलून.

महानंदाबाईंचे मालक वीरभद्रप्पा रेल्वेत होते. मुलगी त्रिवेणीसाठी त्यांनी मला परभणीच्या बाजारातून आणलं. पहिल्याच संध्याकाळी त्यांना माझी लबाडी कळली.

“नऊ लाख गेम म्हनं. विसाच्या पुढं समदं तेच हाय.”

“मग आपल्या घरात रोज नवी भाजी असती का?” महानंदाबाई म्हणाल्या. “चालू द्या की.”

चाललं. गल्लीतली पोरं येऊ लागली. सुट्टीत जागा पुरेना, तेव्हा बाईंनी पुढची खोली गेमसाठीच मोकळी केली. नियम त्यांचे. मेला की उठायचं. रडायचं नाही. लाईट गेली तर ती पाळी पुन्हा मिळणार, कारण माझ्यात आठवण ठेवायची सोय नाही. बटण बंद झालं की सगळं पुसलं जातं. आणि फुंकर फक्त काकूच मारणार, कारण पोरांच्या फुंकरीत कैरीचं तिखट-मीठ असायचं. त्या मला पदराने पुसायच्या, एकदाच फुंकायच्या आणि गेमच्या सेटच्या खाचेत बसवायच्या. त्यांच्या हातून मी कधी अडले नाही.

गेमांची इंग्रजी नावं कोणी वाचायचं नाही. रणगाड्याचा, बदकांचा, दोघा शिपायांचा. एका गेममध्ये पहिली उडीच जमायची नाही. त्याला सगळे ‘सासू’ म्हणायचे. टेबलफॅन पोरांकडे नसायचा, अडॅप्टरकडे असायचा. पोरांना घाम आला तर चालायचं. अडॅप्टर तापला तर खेळ बंद.

राहिली रांग. उन्हात उभं कोण राहणार? मग पोरांनी नळावरची पद्धत उचलली. बाया नळाला घागरींची रांग लावून घरी कामाला जातात, तशी ही पोरं चपलांची रांग लावायची आणि भिंतीच्या सावलीतून अनवाणी घर गाठायची. एक खेळ संपला की चपला एक घर पुढे सरकायच्या आणि आतून हाक जायची, “ए गोपाळ, तुझी चप्पल दारात आली रे.” चप्पल मागेपुढे केल्यावरून मारामाऱ्या झाल्या. चोरीला मात्र एकही गेली नाही.

तर त्या दुपारी जीप आली. पथक कुठलं ते मी सांगत नाही. ते सांगायचं काम त्यांचं आहे. त्यांना जुगाराच्या मशीनची खबर होती. तशी मशीन खरोखर होती, पलीकडच्या गल्लीत. तिथलं शटर त्या दिवशी सकाळपासून खाली होतं. मग पथकाला ही खोली सापडली. दारातल्या चपला बघून साहेब थबकले.

“एवढी माणसं पळाली कुठून?”

“कुणी पळालं न्हाई साहेब,” महानंदाबाई म्हणाल्या. “रांगेच्या चपला हायेत. लेकरं घरी जेवायलेत.”

“चपला सोडून जेवायला जातेत?”

“तुमच्याकडं नळाला घागरी ठिवत न्हाईत का?”

साहेबांच्या घरी नळ चोवीस तास असावा. त्यांना काही कळलं नाही. समोरच्या चहावाल्या आश्रुबांना त्यांनी पंच म्हणून उभं केलं. आश्रुबा म्हणाले, “साहेब, चपलांचं माप तरी बघा.”

“तुला विचारलं का? सही कर.”

आत आदिनाथ नावाचा मुलगा खेळत होता. तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, “काकू, यांना थांबा म्हना. माझे दोन जीव हायेत अजून.” एका शिपायाने बटण बंद केलं.

टीव्ही, गेमचा सेट, जॉयस्टिक आणि मी जप्त झालो. चपला साखरेच्या पोत्यात भरल्या. आतल्या चौघांना कान पिळून हाकललं, तीही अनवाणीच गेली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं : ‘पूर्णेत जुगार अड्ड्यावर छापा, वीसहून अधिक जुगारी फरार’. हे मला ठाऊक आहे, कारण नंतर मला त्याच पेपरात गुंडाळलं. ती बातमी लिहिणारा गल्लीत आला नव्हता. स्टेशनवरून चालत आला असता तर आश्रुबांनी चहा पाजून खरं काय ते सांगितलं असतं. पोत्यातला एक जोड हातात घेतला असता तरी बातमी उलटी झाली असती. पण फोनवर कोणी सांगितलं आणि यांनी छापलं. याला बातमी म्हणत नाहीत, निरोप म्हणतात.

मी जप्त मालाच्या कोठडीत होते. बाहेरचं मला त्रिवेणीच्या तोंडून पुढे कळलं. खोली बंद झाली. तिला शाळेत ‘जुगारवालीची’ म्हणू लागले. ज्या गल्लीने पोरं पाठवली होती, ती गल्ली गप्प बसली. वकील म्हणाले, गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळ्या व्हा. महानंदाबाई म्हणाल्या, “मी जुगार चालविला म्हनून लिवून देऊ? मंग त्या लेकरायला काय म्हनायचं, जुगारी?” त्यांनी कबूल केलं नाही. वर्षानुवर्षं तारखा पडत गेल्या, बाई प्रत्येक तारखेला जात राहिल्या. वीरभद्रप्पा रजा टाकून सोबत जायचे आणि कोर्टाबाहेर बाकावर बसायचे. शेवटी बाई निर्दोष सुटल्या. ती बातमी कुठेच आली नाही.

यंदाच्या हिवाळ्यात त्या मला न्यायला आल्या. केस पांढरे झालेले. सोबत त्रिवेणी, आता झरीच्या शाळेत शिक्षिका. कारकुनाने काच फुटलेला टीव्ही आणि गंजलेला सेट दाखवला, मला पेपरातून सोडवलं आणि सही घेतली.

“ते पोतं पन द्या,” महानंदाबाई म्हणाल्या. “ज्याच्या त्याला चपला देते.”

“ते न्हाई देता येत, मावशी. फरार आरोपींचा माल हाय.”

“अहो, केस सुटली ना?” त्रिवेणी म्हणाली.

“तुमची सुटली. त्यांची न्हाई. ते आले, सही केली, की देऊ.”

“आणि ते आले तर?”

कारकुनाने वहीत बघितलं. “आधी अटक करावी लागंल.”

महानंदाबाईंनी पोत्यात हात घातला. “ही राजेश्रीची. ही गोपाळची, टाच बघ कशी झिजलीया. रेल्वेत गार्ड हाय तो आता, रोज गाडी नेतो. फरार म्हनं.” कारकूनही हसला. मग तळाशी एक जोड लागला. गुलाबी, तळहाताएवढा, पट्ट्याला सेफ्टी पिन. बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. “त्रिवेणे, ही कुनाची ग?” त्रिवेणीला सांगता आलं नाही. सुट्टीत कोणाकडे तरी पाहुणी आलेली असेल. ती चप्पल रांगेत सगळ्यात शेवटी होती, एवढं बाईंना आठवत होतं. कारकुनाने ती परत घेतली आणि पोत्याचं तोंड बांधलं.

आता मी घरी आहे. गोपाळने कुठूनसा गेमचा जुना सेट आणि एक टीव्ही मिळवला. हल्ली आमचेच गेम नव्या डब्यात घालून ‘बालपण परत मिळवा’ म्हणून विकतात. त्यांच्यावर छापा पडल्याचं ऐकलं नाही. महानंदाबाईंनी मला पदराने पुसलं, एकदाच फुंकलं आणि खाचेत बसवलं. सूर वाजला, रणगाडे उभे राहिले, आणि त्रिवेणीने कोणी न सांगता पंखा अडॅप्टरकडे वळवला. माझं सगळं मिळालं. मला स्वतःसाठी काही मागायचं नाही.

ते पोतं मात्र तिथेच आहे. तळाशी सेफ्टी पिनची गुलाबी चप्पल आहे. त्या दुपारी तिच्या मालकिणीची पाळी आलीच नव्हती. कागदावर ती फरार जुगारी आहे. ती कोण होती, हे ज्यांनी लिहिलं त्यांनी अजून सांगितलेलं नाही.