मी कंपनी झाकते

मी ताडपत्री बोलतेय. चिंचवडला सावित्रीबाईंच्या माडीवर, रस्त्याकडच्या खिडकीला मी टांगलेली असते. येणारे-जाणारे पाहुणे मला पडदा म्हणतात. म्हणोत बापडे. पडदा म्हणजे वाऱ्याने उडणारा नाजूक जीव. मी लॉरीवर ऊनपाऊस खाल्लेली आहे, आणि त्याचा मला अजून ताठा आहे.

बासष्ट साली रंगरावांनी मला पुण्याच्या बाजारातून विकत आणलं, तेव्हा मी करकरीत होते आणि मला मेणाचा वास यायचा. रंगरावांची लॉरी चाकणच्या बाजारात कांदा-बटाटा भरून मुंबईला जायची. वर मी, खाली माल. माल भिजला की रंगराव माझा उद्धार करायचे, आणि कोरडा पोचला की लॉरीचं कौतुक करायचे. माणसांची ही खोड मला पहिल्याच पावसाळ्यात कळली. मी मनाला लावून घेतलं नाही.

पुढे पिंपरी-चिंचवडच्या माळावर कारखाने उभे राहू लागले. जिथे ज्वारी डोलायची तिथे पत्र्याच्या शेड आल्या, चिमण्या आल्या, भोंगे आले. रंगरावांनी कांदा सोडला आणि मशिनरी वाहायला घेतली. माझ्यावर तोवर पाच-सहा ठिगळं चढली होती. "कंपनीच्या मालावर ही शोभायची न्हाई," म्हणत त्यांनी मला चाकणला चांदभाईंच्या दुकानात टाकलं.

चांदभाई लॉरीचे हूड आणि सीटा शिवायचे. खरं तर शिवायच्या त्यांच्या घरच्या, सलिमा. चांदभाई मापं घ्यायचे, गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचे आणि चहा मागवायचे. मी दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात घडी होऊन पडले. माझ्यावर लोक बसले, एकदा मांजरही व्यायलं. जिने डोंगराएवढा माल झाकला तिला आता मांजराची पिल्लं झाकावी लागत होती. तेव्हा मात्र मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

माझं नशीब पालटलं ते सावित्रीबाईंमुळे. सलिमाचं माहेर चिंचवडचं, सावित्रीबाईंच्याच आळीतलं. ती त्यांना लहानपणापासून मामी म्हणते. सावित्रीबाईंचा नवरा सोपानराव वारला, मूलबाळ नव्हतं, आणि घराची माडी रिकामी पडली. मुंबईचे लोक तेव्हा हवापालटासाठी चिंचवडला यायचे, उन्हाळ्याच्या सुट्टीत पंधरा दिवस, महिनाभर राहायचे. माडी सजवून अशा पाहुण्यांना द्यायची, असं बाईंच्या मनात आलं.

त्यांचे दीर यशवंतराव शेजारीच राहायचे. नव्या कंपनीत टाइमकीपर होते आणि कंपनीचा अभिमान त्यांच्या मिशीतसुद्धा दिसायचा. घर वैनी आणि दीर, दोघांच्या नावाचं. त्यांनी आपलं आधीच ठरवलं होतं.

"वैनी, एक ठेकेदार गोडाऊन बघतोय. तेलाची पिंपं ठेवील, पत्रे ठेवील. तुमाला काय तरास न्हाई."

"माझ्या डोक्यावर पिंपं नगं भावजी. माणसं असू द्या."

शेवटी यशवंतरावांनी एक मे महिना दिला. पाहुणे सुट्टीभर टिकले तर माडी वैनींची, मधेच निघून गेले तर गोडाऊन. शब्द साधा होता. पण एकट्या बाईचं सगळं पुढचं आयुष्य त्यात अडकलं होतं.

सावित्रीबाईंनी माडी अशी सजवली की बघणाऱ्याने पायरीवरच उभं राहावं. भिंतींना गुलाबी ऑइलपेंट. टेबलावर प्लॅस्टिकची फुलं, त्याखाली क्रोशाचा रुमाल, रुमालावर धूळ बसू नये म्हणून आणखी एक रुमाल. खिडकीला जाळीचा झुळझुळीत पडदा. आणि पलंग? तो त्यांनी मुद्दाम रस्त्याकडच्या खिडकीसमोर मांडला. का, तर तिथून कंपनी दिसते. रात्रपाळीला सगळी शेड उजळली की दिवाळीसारखी दिसते, हे आळीतल्या प्रत्येकाचं मत होतं. खेडेगावचे नातलग आले की त्यांना ती रोषणाई दाखवायला नेत. मग मुंबईच्या पाहुण्यांना यापेक्षा चांगलं काय दाखवणार?

मागेही एक खिडकी होती, पवना नदीकडची. तिथे कपाट लावून ती बंद केली होती. तिकडे म्हशी डुंबायच्या, बायका धुणी धुवायच्या, पलीकडे पेरूची बाग होती. असलं गावंढळ मुंबईकरांना दाखवायची बाईंना लाज वाटायची.

पहिले पाहुणे आले ते परळचे भिमाजी. गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते. त्यांची बायको कस्तुरा टायफॉइडमधून उठलेली, डॉक्टरांनी हवा बदलायला सांगितलेली. सुट्टीभर राहायचं ठरवून आले आणि तिसऱ्या सकाळी सामान बांधून जिन्याखाली उभे राहिले.

"राग मानू नका बाई. जेवण चांगलं, तुम्ही चांगल्या. पण ही गिरणीतून उठून आली आणि परत गिरणीतच झोपली. डोळे मिटले तरी तो उजेड पापणीतून आत येतो. दोन रात्री तिचा डोळा लागला नाही."

त्यांच्या चुलतभावाकडे राजगुरुनगरला लग्न होतं. तिथे चार दिवस राहून परस्पर मुंबई गाठणार होते. सावित्रीबाईंनी कस्तुराचा हात धरला आणि परत जाताना चहाला तरी उतरा, एवढं वचन घेतलं. शेजारून यशवंतराव हे बघत होते. ते चांगल्या मनाचे आहेत, टोमणा मारला नाही. फक्त ठेकेदाराला निरोप धाडतो म्हणाले.

त्याच दिवशी सावित्रीबाई एस.टी.ने चाकणला आल्या आणि चांदभाईंच्या दुकानात माझ्यावरच बसून रडल्या. सगळी हकिकत मी तशी ऐकली.

सलिमाने मशीन थांबवलं. "मामी, मग झाकून टाका की."

"काय झाकू?"

"कंपनी."

सावित्रीबाई पदराने डोळे पुसता पुसता थबकल्या. "अगं, भावजी काय म्हंतील? आख्खा गाव तिला बघतो."

"गाव बघतो, कारण गावाला ती नवी हाय. त्यांना जन्माची हाय. आन् मागची खिडकी उघडा. म्हशी बघून कैक वर्सं झाली असतील त्या बाईला."

मग सलिमाची नजर जड कापड शोधत दुकानभर फिरली, आणि तिने मामींना उठवून त्यांच्याखालून मला ओढून काढलं.

काय सांगू तुम्हाला त्या दिवसांचं सुख. मला सोड्याच्या गरम पाण्यात बुचकळलं, नदीवर नेऊन आपटलं. इतक्या वर्षांचं तेल, मेण आणि माती निघून गेली. गडद हिरवा रंग दिला. सलिमाने ठिगळं उसवली नाहीत, उलट प्रत्येक ठिगळावर मामींच्या जुन्या लुगड्यांचा एकेक तुकडा बसवला, लाल, जांभळा, हळदी. काठांची पट्टी चारी बाजूंनी फिरवली. चांदभाईंनी वर पितळी कड्या ठोकल्या आणि या वेळी कामात खरोखर हात लावला. तिघांनी मिळून कपाट हलवलं, पलंग फिरवला, रुमालावरचा रुमाल काढला, प्लॅस्टिकची फुलं खाली नेली. पवनेकडची खिडकी इतक्या वर्षांनी उघडताना कुरकुरली.

मला गजावर चढवलं तेव्हा यशवंतराव पाळीवरून आले होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"वैनी, येवढी मोठी कंपनी. लोक लांबून बघाया येत्यात. आन् तुमी तिला ताडपत्री घातली?"

"तुमी रोज बघता न्हवं भावजी? तेवढं बास झालं."

ठरल्या दिवशी दुपारच्या उन्हात भिमाजी आणि कस्तुरा चहाला आले. सामान त्यांनी खाली ओट्यावरच ठेवलं, वर न्यायचा विचारच नव्हता. यशवंतराव ठेकेदाराला घेऊन खालीच बसले होते. मी माडीवर श्वास रोखून होते. मुंबईला जाताना घाटात पावसाने झोडपलं तेव्हाही मला इतकी धास्ती वाटली नव्हती.

कस्तुरा खोलीत आली. बाहेर ऊन रणरणत होतं, आत माझ्या पाठीमागे हिरवा गारवा होता. मागच्या खिडकीतून पेरूच्या बागेवरचा वारा येत होता. तिने म्हशी बघितल्या आणि पोरीसारखी हसली. मग म्हणाली, "चहा होईस्तो जरा पाठ टेकते."

चहा झाला. गार झाला. परत गरम केला. कस्तुरा उठली नाही. भिमाजी दोनदा दारातून डोकावले आणि बायकोला गाढ झोपलेली बघून तसेच परत गेले. कंपनीचा भोंगा वाजला तशी मी अंग घट्ट केलं. आवाज काही मी पूर्ण अडवू शकत नाही, पण तिने कूस बदलली आणि झोपली. गाडीची वेळ टळून गेली. दिवेलागणीला ती उठली तेव्हा तिच्या गालावर उशीची वळी उमटली होती आणि तिने पहिला शब्द काढला तो "भूक लागली".

भिमाजी खाली गेले, ओट्यावरची ट्रंक खांद्यावर घेतली आणि ठेकेदाराच्या समोरून जिना चढून वर आणली. मी त्या क्षणी फडफडले. वारा नव्हता, तरी फडफडले. ठेकेदार पिंपं घेऊन दुसरीकडे गेला. भिमाजी आणि कस्तुरा जून उजाडेपर्यंत राहिले आणि जाताना दिवाळीची सुट्टी सांगून गेले.

त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. आज ब्याऐंशी साल आहे. त्यानंतर एकाही सुट्टीत ही माडी रिकामी राहिली नाही. कस्तुराची गिरणगावातली अर्धी चाळ इथे झोपून गेली. माझा रंग विटलाय, दोन कड्या निखळल्यात, पण कंपनी अजून मीच झाकते, आणि ती मधल्या काळात तिप्पट वाढली आहे.

गेल्याच महिन्यात यशवंतराव आले, हातात मापाचा टेप घेऊन. निवृत्त झालेत. मोशीला इंद्रायणीकाठी दोन खोल्या बांधल्यात आणि सुट्टीच्या पाहुण्यांना द्यायच्या आहेत.

"वैनी, त्या ताडपत्रीचं जरा माप पायजे हुतं. सलिमाला तसलीच सांगायची हाय."

सावित्रीबाई दाराशीच उभ्या राहिल्या. "चारनंतर या भावजी. आत पाव्हणं झोपल्यात."

यशवंतरावांनी टेप खिशात घातला. पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि चवड्यांवर जिना उतरून गेले.

तर मंडळी, तुम्हीही या कधी हवा बदलायला. जेवण चांगलं आहे, उशा मऊ आहेत. माझं मागणं एकच. मला बाजूला सारून बाहेर डोकावू नका. बघण्यासारखं सगळं मागच्या खिडकीत आहे. पुढचं माझ्यावर सोपवा आणि निवांत झोपा.