वाट आखूड पडली

हिरव्या गाडीवाला डिकीत डोकं घालून बराच वेळ ऐकत राहिला. मग गाणं बंद करून बाहेर आला आणि आमच्या यांच्याकडे न बघता म्हणाला, "ठोका झकास आहे. छातीवर बुक्की बसावी तसा. पण खालचा तो लांब सूर असतो ना, तो येता येता मध्येच बसकण मारतो."

हे हातातलं फडकं उगीच पेटीच्या कडेवरून फिरवत राहिले.

"दादांनीच आखलीय ना पेटी? मग माझेच कान फुटके असतील," तो म्हणाला. चेष्टा नव्हती त्यात, तेच जास्त लागलं. "गाडी राहू दे इथेच. संध्याकाळी येतो."

दादा म्हणजे माझे थोरले दीर. मी त्यांना भावजी म्हणते. गाडीच्या सबवूफरसाठी, म्हणजे खालचे सूर काढणाऱ्या स्पीकरसाठी, भोंग्याची पेटी बांधायची हा धंदा त्यांनीच या घरात आणला. नवीन गिऱ्हाईक पहिल्यांदा हमखास विचारतं, "भोंगा तर गाडीला पुढे आहेच की!" मग भावजी न कंटाळता सांगतात. स्पीकरचा आवाज एकदम उघड्यावर ढकलला तर तो विरून जातो. त्याला अरुंद बोळातून काढायचं, बोळ हळूहळू रुंद करत न्यायचा, आणि शेवटी मोठ्या दारातून बाहेर सोडायचं. सूर जितका खालचा, तितकी वाट लांब. एवढी लांब वाट डिकीत कुठून मावणार? म्हणून ती पेटीच्या पोटात आतड्यासारखी दुमडायची. दुमडायची कुठे आणि किती, हे भावजी ठरवतात. कापाकापी यांची. डिंक, पॉलिशपेपर आणि चहा माझ्याकडे.

आम्ही तिघंही थकलेले असतो. कोणी म्हणत नाही, एवढंच.

गिऱ्हाईक गेल्यावर यांनी पेटी बाहेर काढली. "फट राहिली असेल कुठेतरी. तुझी उदबत्ती आण."

मी देवापुढची एक काडी पेटवून आणली. यांनी स्पीकरवर हलक्या आवाजात खालचा सूर लावला आणि मी प्रत्येक सांध्यावरून धूर फिरवला. फट असती तर धूर हलला असता. तो सरळ वर जात राहिला.

"लाकूड बरोबर, डिंक बरोबर, स्पीकर बरोबर," हे म्हणाले, आणि एकदम थांबले. नजर फरशीवर होती.

भावजी पेटी कागदावर आखत नाहीत. फरशीवर खडूने, जेवढ्यास तेवढी आखतात. मग वाटेच्या मधोमध सुती दोरा टाकत जातात, वळणावर बोटाने दाबून धरत. तो दोरा उचलून टेपवर ताणला की वाटेची लांबी कळते. या पेटीचा खडू अजून पुरता पुसला गेला नव्हता. हे गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी भावजींनी मापून कापलेला तोच दोरा त्याच रेघांमधून पुन्हा टाकला. ताठ, सरळ.

दोरा उरला. चांगला दीड वीत.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. भावजींचा उजवा हात अलीकडे थरथरतो. चहाचा कप मी अर्धाच भरते, आणि ही गोष्ट आम्ही दोघांनीही कधी तोंडातून काढलेली नाही. त्या हाताने टाकलेला दोरा नागमोडी पडला असणार. लांबी दोऱ्यात भरली, वाटेत नाही.

"दादाला सांगायचं नाही," हे हळूच म्हणाले. "स्पीकर खराब निघाला म्हणू."

"तुम्ही म्हणा. मला म्हणायला लावू नका."

"एकदा म्हटलंस तर काय होतं?"

"माझा नेम माहीत आहे तुम्हाला." सकाळी हात जोडताना मी रोज एवढंच मागते, आज तोंडून खोटं जाऊ नये.

"तुझा देव कधी रजेवर जात नाही का गं?"

"तो जात असेल. नेम नाही जात."

हे हसले नाहीत. भिंतीला टेकून बसले. "ऐक. लग्न केलं नाही त्याने, मित्र नाहीत, बाहेर जाणं नाही. ही आखणी सोडली तर त्याच्याकडे आहे काय? ती काढून घेतली तर तो अंथरूण धरेल. मी दुप्पट कापीन, चुका मागून निस्तरीन, पण त्याला हे कळता कामा नये."

त्यांचे डोळे लाल होते. मला दोघांचीही कीव आली, आणि स्वतःचीही थोडी.

तेवढ्यात चपला वाजल्या. भावजी दारात उभे होते.

"उदबत्तीचा वास आला. फट शोधताय?"

"स्पीकर," हे घाईने म्हणाले. "स्पीकर खराब निघाला, दादा."

भावजींनी पेटीकडे बघितलं, फरशीकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. "धाकटी, तू सांग बरं."

यांनी मान खाली घातली. मला वाटलं, गप्प राहावं. गप्प राहणं म्हणजे काही खोटं नव्हे. पण भावजी वाट बघत उभे होते, आणि माझ्या गप्प राहण्याचाही त्यांनी खोटाच अर्थ घेतला असता.

"भावजी, वाट आखूड पडली," मी म्हटलं.

"किती?"

"दीड वीत."

ते खाली बसले. फरशीवरचा दोरा हातात घेतला. तो त्यांच्या बोटांत लटलटत राहिला. ते त्याच्याकडे बघत राहिले, आणि आम्ही दोघंही.

"दमला असशील तेव्हा," हे म्हणाले. "होतं कधीकधी."

"दमलोच आहे रे, धाकट्या. केव्हाचा." त्यांनी दोरा खाली ठेवला. "गुडघे टेकून आखायचं म्हणजे दुसऱ्या दिवशी उठवत नाही. पण म्हटलं, मी हात काढला तर तुमचं कसं व्हायचं? तुला वळणं आखता येत नाहीत."

"मी तुझ्यासाठी..." हे बोलता बोलता थांबले. मग त्यांना हसू फुटलं, कोरडं, दमलेलं. "अरे, मला वळणं येतात! तुझ्याकडे काम राहावं म्हणून मी शिकल्याचं दाखवलं नाही."

"गाढवा," भावजी म्हणाले. "आधी नाही सांगायचं?"

"तू सांगितलंस?"

मी चहा टाकायला उठले. मागे दोघं बोलत होते. "पेटी मोडू नकोस," भावजी सांगत होते. "डिकीत डाव्या चाकाच्या वर जागा रिकामी आहे. तोंडाशी आणखी एक वळण जोड, रुंदी वाढवत ने. दोरा तूच टाक."

"तू बस ना बघायला."

"नको. मी पडतो जरा."

यांचा चेहरा उतरला. पण भावजी खरंच आत गेले. दिवसाउजेडी आडवं होताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मी चहा नेला तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते. कप मी परत आणला.

संध्याकाळी हिरव्या गाडीवाला आला. वाढवलेल्या तोंडावर अजून कोरं लाकूड दिसत होतं. त्याने गाणं लावलं. ठोका झाला, आणि मागून तो लांब सूर आला. तुटला नाही. स्वयंपाकघरातल्या मांडणीवर भांडी किणकिणली, माझ्या तळपायांना फरशी जाणवली.

"हां!" तो ओरडला. "आता कसं! दादांना बोलवा की, त्यांच्या पाया पडतो."

यांनी माझ्याकडे बघितलं. मी आत जाऊन आले.

"झोपलेत," मी म्हटलं.

"एवढ्या आवाजात?"

"घोरतायत."

त्याला वाटलं मी थट्टा करतेय. हे मात्र पुढे झाले आणि आवाज कमी करायला वाकले. बटणापर्यंत गेलेला हात त्यांनी मागे घेतला, डिकीच्या कडेवर टेकले आणि डोळे मिटून तो सूर संपेपर्यंत तसेच बसून राहिले.